माती वाळेपर्यंत

प्रीतीनं बुटाची टाच वाटेवर रोवून फिरवली. टाच सहज आत गेली आणि मागं राहिलेल्या खळग्यात हळूहळू पाणी जमलं. तिनं मान हलवली. दोन झाडांना आडवी बांधलेली दोरी पुन्हा ताणून घेतली, खळग्याचा फोटो काढला आणि सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ‘वाट बंद. माती वाळेपर्यंत कोणीही येऊ नये.’

दसरा होऊन गेला तरी पाऊस माघारी जायचं नाव घेत नव्हता. चाफळच्या वरच्या पठारावरल्या पवनचक्क्या ढगात अर्ध्या बुडाल्या होत्या. या पठारावरून खालच्या वस्तीपर्यंत उतरणारी पायवाट म्हणजे कराड-सांगलीकडच्या डोंगरी सायकलवाल्यांचा जीव की प्राण. दिवाळीनंतर माती घट्ट बसायची, ती होळीपर्यंत. पुढं वाळक्या गवतावरून आणि सुट्या मुरमावरून चाकं घसरू लागत, वणवे पेटत आणि हंगाम आटपे. पावसाळ्यात मात्र इथं चाक घालायचं नाही, हा नियम प्रीतीनंच केला होता. कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला नियम करायची सवयच असते, असं तिला पोरं चिडवत. पण गेल्या पावसाळ्यात काही हौशी पोरांनी सायकली घातल्या, चाकोऱ्या पडल्या, चाकोऱ्यांमधून पाणी धावलं आणि पायथ्याच्या आकारामदादांच्या भातखाचराचा बांध वाहून गेला. दादा भांडले नव्हते. नुसते बांधाकडं बघत बसले होते. त्यांच्या अंगणात उभं राहून प्रीतीनं शब्द दिला होता, पुन्हा असं होणार नाही.

फोन वाजला. आकारामदादाच होते.

“ताई, खाली या. तुमचं आई-वडील आल्यात.”

“माझे?”

“व्हय. गाडी घिऊन आल्यात. च्या ठिवलाय, या.”

ती सायकल हातात धरून, वाटेच्या कडेच्या गवतातून चालत खाली उतरली. उतरताना तिला राहून राहून नवल वाटत होतं. सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या अण्णांना, म्हणजे जवाहर यांना, पोरीचं हे सायकलचं वेड कधीच रुचलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी याच उतारावर पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात खाटेशी उभं राहून ते म्हणाले होते, “तुझं पडणं बघायला मी काय तिथं यायचा नाही.” तरी दर हंगामाच्या पहिल्या दिवसाला ती त्यांना बोलवायची. दर वेळी त्यांना नेमकं मार्केट यार्डात काम निघायचं.

आता ते अंगणात बाजेवर बसले होते. शेजारी आई, राजमती, मांडीवर डबा घेऊन.

“अण्णा, तुम्ही? आज?”

“आज सुट्टी घेतली.” ते उठून उभे राहिले. “म्हटलं, बघून येऊ एकदा. वरनं कशी येतेस तू? त्या तिथनं?” त्यांनी बोट केलं. घराच्या वरच्या अंगाला वाट एक मोठं वळण घेऊन भाताच्या कडेनं सरळ अंगणाजवळ उतरत होती.

“तिथूनच. पण वाट बंद आहे अण्णा. माती ओली आहे.”

“सगळी नको. एवढ्या वळणापुरतीच चालव.”

“वळणावरच जास्त पाणी आहे.”

“चालवा की ताई येक डाव,” आकारामदादा चहाचे कप घेऊन बाहेर आले. “वडील एवढ्या लांबनं आल्यात. एका चाकानं काय हुतंय?”

प्रीती चाकाचा चिखल काडीनं खरवडू लागली. मागच्याच आठवड्यात कॉलेजातल्या राजवर्धनला तिनं याच वाटेवरून सायकल घातल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं होतं. तासाभरापूर्वी ग्रुपवर फोटो टाकला होता. हे सगळं खरंच होतं. पण काडी फिरवता फिरवता तिच्या मनात आणखीही काही वर आलं. आपण तीन हंगाम बोलावत होतो, तेव्हा नाही आले. आता आले, तर थांबू देत थोडं.

“नको दादा,” ती म्हणाली. “माझ्याच नियमाला मी सूट दिली तर पोरांना काय सांगू? अण्णा, पंधरा दिवसांत वाळेल सगळं. तेव्हा या. मी पहिली उतरेन.”

“पंधरा दिवस,” अण्णा म्हणाले.

“तोवर भातही निघेल. उन्हात मस्त दिसतं इथून.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. मग बराच वेळ ते डोंगराकडं बघत राहिले. वळण, त्याच्या वरचा उघडा खडकाळ सडा, ढगातून मध्येच दिसणारं पवनचक्कीचं पातं. शेवटी तिच्याकडं वळले.

“बरं. तुझा नियम तुला. तू एकदा बस तर सायकलीवर. जागच्या जागी.”

“जागच्या जागी काय अण्णा!” ती हसली. “डोक्याला हेल्मेट घालून अंगणात बसू होय?”

“राहू दे मग.”

दिवस कलायच्या आत जेवायचं म्हणून आईनं डबा उघडला. अण्णांनी थोडंसंच खाल्लं. निघताना गाडी आईनं चालवायला घेतली, तेव्हा प्रीतीला जरा वेगळं वाटलं. पण सुट्टीचा दिवस आहे, अण्णा दमले असतील, असं तिला वाटलं.

पंधरा दिवसांनी माती वाळली नाही. अवकाळी पावसानं दिवाळी धुऊन काढली, आकारामदादांचं भात कसंबसं घरात आलं. प्रीती दर रविवारी डोंगरावर यायची, टाच रोवायची, परत जायची. अशाच एका रविवारी, दोरीशी उभी असताना तिला आईचा फोन आला.

“अण्णांना दिसत नाही गं.”

“म्हणजे?”

“सकाळी उठले आणि म्हणाले, दिवा लाव. खिडकीत ऊन होतं.”

उजवा डोळा साखरेनं आधीच निकामी केला होता, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डावाही त्याच वाटेनं चालला आहे, हे अण्णांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी आत रक्त उतरल्याचं सांगितलं. मग ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, तेव्हा अण्णांना उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळत होतं. बाकी काही नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आई तिला म्हणाली, “तुझ्याकडं आलो होतो ना, त्याच्या आदल्या दिवशी यांना डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कधी काय होईल सांगता येत नाही म्हणून. मला आत्ता कळतंय.”

“मग बोलले का नाहीत? मी चालवली असती. कितीही चिखल असता तरी…”

“मी विचारलं तेच. म्हणाले, पोरीनं कीव करून चालवलेली बघायची नव्हती.”

प्रीती भिंतीकडं वळली.

डिसेंबरात वाट खुली झाली. माती अशी बसली होती, की टाचेचा ठसासुद्धा उमटेना. गवत पिवळं पडलं होतं, खाचरात भाताची खुंटं उरली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी अण्णा स्वतःहून म्हणाले, मला घेऊन चला.

तिनं त्यांना अंगणाच्या कडेला, वळणाकडं तोंड करून उभं केलं. आकारामदादा शेजारी राहिले. आई घरात दादांच्या बायकोपाशी, बनुबाईंपाशी गेली.

“पहिली येईन ती मीच,” ती म्हणाली. “बाकीचे मागाहून, थोड्या वेळानं.”

“ऐकू येईल ना?”

“येईल. चाकांखाली खडी वाजते.”

पठारावरून ती सुटली तेव्हा वारा पाठीशी होता. सड्याचा सपाट भाग सरला, उतार लागला. तिनं ब्रेकवरची बोटं सैल केली. वळण अजून खालीच होतं, तेवढ्यात मागचं चाक डगमगलं, फुसफुसलं आणि दगडावर आदळू लागलं. बाभळीचा काटा. ती कशीबशी सावरून कडेला उतरली.

ठरल्या वेळेआधीच सुटलेला राजवर्धन मागून आला. “मॅडम, थांबू?”

“नको, तू जा. वाट अडवू नकोस,” ती बोलून गेली आणि त्याची सायकल वळणाकडं झेपावल्यावर तिला उमगलं, अण्णांच्या कानी पहिला आवाज आता याचाच जाणार.

तिनं खाली पाहिलं. वळणावर खडी कडाडली. राजवर्धन आडवा झुकून, एकदाही न अडखळता, खाचराच्या कडेनं, अंगणाजवळून सरळ खाली वस्तीकडं सुटला. अंगणात अण्णांनी मान वर केली. आवाजाबरोबर त्यांचा चेहरा डावीकडून उजवीकडं फिरत गेला. मग त्यांनी दोन्ही हात उंच धरून टाळ्या वाजवल्या. जोरात, थांबत, पुन्हा वाजवत. यार्डातल्या शांत माणसाला अशा टाळ्या वाजवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आकारामदादांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. काही सांगायला तोंड उघडलं आणि वर बघितलं. प्रीतीनं दुरूनच ‘नको’ म्हणून मान हलवली. दादांचा हात तसाच खांद्यावर राहिला.

पंक्चर काढायचं सामान तिच्या पाठीवरच्या पिशवीत होतं. तिनं पिशवीला हात लावला नाही. सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि वाट सोडून, भाताच्या खुंटांमधून, लांबचा वळसा घेत ती खाली उतरली. घराच्या मागच्या भिंतीला सायकल टेकवली. क्षणभर तिथंच उभी राहिली. मग पुढं आली.

“अण्णा.”

“आलीस!” त्यांचे हात तिला शोधू लागले. तिनं पुढं होऊन आपला हात त्यांच्या हातात दिला. “अगं, केवढ्या जोरात येतेस! वळणावर ब्रेक लावला नाहीस. मी कान देऊन होतो.”

“नाही लावला.”

“भीती नाही वाटली?”

“नाही.”

“मला वाटली.” ते हसले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. “उगीच इतकी वर्षं आलो नाही बघ.”

वर खडी पुन्हा वाजली. एकामागून एक सायकली वळणावरून उतरू लागल्या. प्रत्येक आवाजासरशी अण्णा तिकडं तोंड वळवत.

“हे बाकीचे?”

“हो,” प्रीती म्हणाली. “बाकीचे.”

त्यांच्यासाठी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसता तिचा हात धरून उभे राहिले.