कारंजवाडी स्टेशनच्या भिंतीवरचं पाणी

मी कारंजवाडी स्टेशनची जुनी इमारत बोलतेय. साताऱ्याहून सांगलीकडे जाताना गाडीच्या खिडकीतून काळ्या दगडाची, कौलारू, कुलूप लावलेली दिसते, तीच मी.

इंग्रजांच्या अमदानीत वडारांनी जवळच्या डोंगरातला दगड फोडून मला उभं केलं. आधी अरुंद रूळ होते, मग रुंद आले. पुढे शेजारी सिमेंटचं नवं स्टेशन झालं आणि माझ्या दाराला कुलूप लागलं. मोजपट्टी घेऊन जे जे माझं कौतुक करत आले, त्यांनी काहीतरी नेलंच. कधी घंटा, कधी सागवानी बाक. म्हणून कुणी कौतुकानं माझ्यावरून हात फिरवला की मला धडकीच भरते.

गेल्या वर्षी दोघं जण आले. माझ्या डागडुजीचे ठेकेदार दिग्विजय आणि जुन्या वास्तूंच्या अभ्यासक दीपमालाबाई.

"वारसा आहे हा," दिग्विजय म्हणाले. मला वाटलं, आता दारं जाणार. त्यात दीपमालाबाई फलाटाकडच्या भिंतीतल्या, पूर्वी पाण्याची मडकी ठेवायच्या कोनाड्यावरचा चुना खरवडू लागल्या. त्यांचा तर मला जास्तच संशय आला.

गाडीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या अर्जुनाबाईंनाही आला असावा. "काय खरवडतायसा, बाई? पाडनार हाय व्हय?"

"नाही आजी. खाली काहीतरी लिहिलंय."

चुन्याखालून अक्षरं वर आली: हिंदू पाणी. इंग्रजांच्या काळात माझ्या फलाटावर हिंदूंचं मडकं वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असायचं.

दिग्विजयांनी रंगाची बादली पुढे सरकवली. "झाकून टाकू. उद्घाटनाला पाहुणे येणार, कशाला उगाच?"

अर्जुनाबाई उठून भिंतीपाशी आल्या. "ऱ्हाऊ द्या. आमी गावकुसाबाहेरचं. माझ्या सासूला हितल्या मडक्याला हात लावायची मुभा न्हवती. पानी देनाऱ्याच्या मनात आलं तर वरनं ओंजळीत वतायचा, न्हाईतर तशीच तहानलेली गाडीत बसायची. ती सांगायची, तर माझी पोरं म्हनायची, असं कुठं असतंय व्हय."

"आजी, ते सगळं आता गेलं," दिग्विजय म्हणाले.

"गेलं, तर मग भ्यायचं कशाला?"

दीपमालाबाईंनी बादलीवर झाकण ठेवलं.

आता माझी कौलं नवी आहेत, दारं जागेवर आहेत. त्या अक्षरांखाली नळ बसवलाय. परवा अर्जुनाबाई तिथं पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून गाडीकडे गेल्या.

माझा संशय मात्र गेलेला नाही. दिग्विजय अजून अधूनमधून येतात आणि त्या भिंतीपाशी जरा जास्तच रेंगाळतात. तेव्हा प्रवाशांनो, इथं उतरलात तर माझं कौतुक थोडं कमी करा. पण कुणी ब्रश घेऊन त्या भिंतीकडे वळलं, तर थांबवून एवढं विचारा, काय झाकताय?