विमानावर मारलेली काट

मित्रांनो, मी पाणबुड्याच्या मनगटावरचं एक जुनं यंत्र आहे. माणसाच्या रक्तात मुरलेल्या वायूचा हिशेब ठेवणं, हे माझं जीवितकार्य. महागावकडच्या तांड्यावर मात्र मला फक्त वेळ विचारतात, आणि तीही मी जरा पुढचीच सांगतो.

माझा जन्म समुद्रकाठच्या कारखान्यात झाला. तिथे खाऱ्या पाण्यात बुडवून मला पास केलं. पुढे रंगीत मासे पाहायला मिळतील, अशी माझी समजूत होती. सरकारी खरेदीत मी यवतमाळला आलो. इथे समुद्र नाही. धरणं आहेत, आणि त्यांचे दरवाजे अडकतात. पहिली काही वर्षं इथल्या बचाव पथकानं मला कागदांवर वजन म्हणून ठेवलं. मग धनसिंग पाणबुड्यानं मला मनगटावर बांधलं आणि माझे बरे दिवस आले.

गेल्या मे महिन्यात धरणाच्या दरवाजात झाड अडकलं. ते काढायला धनसिंग सकाळभर खोल पाण्यात होता. वर आल्यावर लोकांनी त्याला शाल घातली. मी माझ्या काचेवर विमान दाखवलं आणि त्यावर काट मारली. खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो. लगेच उंचावर गेलं की हवेचा दाब घटतो, आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे येतात. माणूस लुळा पडतो, कधी मरतोही. म्हणून पूर्ण एक दिवस विमान नाही, उंच डोंगरही नाही.

नेमकं त्याच संध्याकाळी धनसिंगला बायकोसोबत नागपूरहून विमानानं लेहला निघायचं होतं. घरात विमानात बसणारी जया पहिलीच. तांडाभर सांगून झालं होतं. भर उन्हात तिनं स्वेटर घालून पाहिला होता.

जीप चालवणारा मेव्हणा लखीराम हळूच म्हणाला, "दाजी, घड्याळ मले द्या. मी घालून ठेवतो. मले कुठं विमानात जायचं हाय!"

आमच्याकडे हजेरी दुसऱ्यानं लावलेली चालते. धनसिंगनं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याला सगळं ठाऊक होतं. पण जयाच्या तोंडाकडे पाहून त्यानं मला मनगटावरून सोडून लखीरामच्या हाती दिलं.

नागपूरच्या वाटेवर कळंबजवळ जयाची नजर स्टिअरिंगवर गेली.

"लख्या, ह्यायचं घड्याळ तुह्या हातात काहून?"

"असंच."

"अन् विमानावर काट कायले?"

लखीराम खोटं बोलण्यात कच्चा. त्यानं सांगून टाकलं.

जया नवऱ्याकडे वळली. "म्हंजे तुमी बाजूले लुळे पडले असते, अन् मी खिडकीतून ढग पाह्यत बसली असती? लख्या, फिरव गाडी!"

"तांड्यात काय सांगू?" धनसिंग पुटपुटला.

"सांगा, विमानाले थांबाले जमलं नाही."

परतताना मी पुन्हा धनसिंगच्या मनगटावर होतो. मित्रांनो, मी सुखात आहे. यंत्र काढून ठेवल्यानं रक्तातलं काही निघत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि माझी बॅटरी वेळेवर बदलत जा.

दोन दिवसांनी दोघं विमानात बसले. ते उडायच्या आधीच जयाला झोप लागली.