गोऱ्या बाळाचा डबा

लिडिया नर्स नव्हती. नगरच्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात तिनं काही वर्षं आया म्हणून काम केलं होतं. लग्न झालं, नवरा शमुवेल जामखेडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झाला आणि ते काम सुटलं. पुढं दुधाच्या पावडरीच्या कंपनीचे साहेब जामखेडला आले आणि बाळंतिणींशी नीट बोलू शकेल अशी बाई शोधू लागले, तेव्हा चर्चच्या पाळकांनी तिचं नाव सांगितलं.

कंपनी परदेशातली. कॉफी, चॉकलेट, डबाबंद सूप असं काय काय ती जगभर विकायची. इकडं तिनं तान्ह्या मुलांच्या पावडरीवर जोर लावला होता. लिडियाला पुण्याला नेऊन आठवडाभर शिकवलं, पांढरी साडी, पांढरे बूट आणि छातीवर लावायला बिल्ला दिला. निघताना साहेब म्हणाले, "तुम्ही नर्स आहात असं स्वतःहून कुठं सांगायचं नाही."

"नाही सांगणार," लिडिया म्हणाली.

"पण कुणी सिस्टर म्हणून हाक मारली, तर दुरुस्तही करायचं नाही."

मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. पाथर्डी, कर्जत, जामखेड. बहात्तरचा पाऊस अजिबात झाला नव्हता आणि त्या पट्ट्यात जागोजागी सरकारी दुष्काळी कामं निघाली होती. "एरवी एवढ्या लेकुरवाळ्या गाठायच्या म्हणजे वाड्यावस्त्या पालथ्या घालायला लागल्या असत्या," साहेब म्हणाले. "यंदा त्या सगळ्या एका जागी येऊन बसल्यात." बोलताना त्यांनी चहाचा घोट घेतला. लिडियानंही घेतला.

खर्ड्याच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. लांबवर किल्ल्याचा तट दिसायचा आणि त्याच्या अलीकडं, नजर पोचेल तिथवर, खडी फोडत बसलेली माणसं. कंपनीची जीप तिथं पहिल्यांदा गेली ती फाल्गुनात. जीपच्या दोन्ही बाजूंना गुबगुबीत, गोऱ्या, हसऱ्या बाळाचं चित्र होतं. हातोड्यांचा आवाज हळूहळू थांबला. बायका उठून उभ्या राहिल्या.

"सिस्टरबाई आल्या," कुणीतरी म्हणालं. लिडियानं दुरुस्त केलं नाही.

कामावरचा मुकादम सहादेव स्वतः पुढं आला. बाभळीला गोणपाटं बांधून सावली केली होती, तिथं तिला घेऊन गेला. झोळ्यांत आणि गोधड्यांवर बरीच तान्ही मुलं होती. त्यांना राखायला आक्काबाई नावाची म्हातारी बसली होती. तिच्या शेजारी तिची सून छबूबाई पोराला पाजत होती. पोरगं चांगलं बाळसेदार होतं, पाय झाडत पीत होतं.

"दूध पुरतं का गं याला?" लिडियानं विचारलं. पुण्यात शिकवलेला हा पहिला प्रश्न होता.

"पुरतंय की," छबू हसून म्हणाली.

"नक्की? दिवसभर उन्हात खडी फोडतेस. पोटाला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. तुझ्याच अंगात काही नाही, तर दुधात कुठून येणार?"

छबूचं हसू मावळलं. तिनं पोराकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. "तसं रडतंय कधी कधी," ती म्हणाली.

लिडियानं डबा उघडला. पावडरीचा गोडसर वास सुटला. बाटली कशी भरायची, चमचे किती घालायचे, हे तिनं सगळ्या बायकांना करून दाखवलं. डबा फुकट, बाटली फुकट. बायका एकमेकींना ढकलून पुढं येऊ लागल्या.

आक्काबाईनं विचारलं, "ह्यात पानी कंचं घालायचं?"

"उकळून गार केलेलं, आजी."

"आन् जळन?"

लिडियानं रस्त्याकडं पाहिलं. टँकर रस्त्याकडेच्या पिंपात पाणी ओतून जायचा. पिंपाच्या कडेला हिरवट थर धरला होता आणि एक कुत्रं तिथली ओल चाटत होतं. "उकळूनच घ्या," ती पुन्हा म्हणाली आणि पुढच्या बाईला डबा दिला.

सहादेव खूश होता. "लई झ्याक केलंत बाई. ह्या दर घडीला पाजायला उठत्यात, काम मागं पडतंय. आता म्हातारी पाजंल बाटलीनं."

जीप पुढच्या कामावर गेली. त्या महिन्यात लिडिया अशी पुष्कळ कामं फिरली. सगळीकडं तसंच स्वागत झालं. साहेबांनी पुण्याहून शाबासकी कळवली आणि लवकरच तिच्याकडं नेवासा, कोल्हारचा भागही देऊ म्हणाले. शमुवेलनं वर्गातल्या पोरांना गूळ वाटला.

जीप पुन्हा खर्ड्याकडं गेली तेव्हा चैत्र लागला होता. ड्रायव्हर सूर्यभान मितभाषी माणूस, पण त्या दिवशी गाडी बंद करून तो म्हणाला, "आवाज न्हाई बघा."

"चालू आहेत की हातोडे."

"पोरांचा म्हन्तो मी."

गोणपाटाच्या सावलीत मुलं होती. झोळ्या तशाच टांगलेल्या होत्या, पण पहिल्यापेक्षा कमी. रडण्याचा, कुरकुरीचा, कसलाच आवाज नव्हता. फक्त माश्या घोंगावत होत्या.

"लई गुनी झाल्यात," मागून सहादेव म्हणाला. "दिसभर पडून ऱ्हात्यात."

लिडिया आत वाकली तोच एक बाई खडीच्या ढिगाकडून चालत आली. तिच्या हातात डबा होता, पदरानं पुसून स्वच्छ केलेला. तिनं तो लिडियापुढं धरला.

"मी भागूबाई. मागल्या बारीला तुमी दिल्ता," ती म्हणाली. "निम्मा हाय आजून. कुना दुसरीला द्या."

"का? तुझ्या मुलाला?"

"पोरगी हुती. गेली न्हवं मंगळवारी." भागूबाईच्या आवाजात राग नव्हता. फुकट मिळालेली वस्तू वाया जाऊ नये, एवढीच काळजी होती. "हगवन लागली. तुमी तरी काय करनार, सिस्टरबाई. कुनाच्या तरी लेकराला हुईल."

डबा लिडियाच्या हातात देऊन ती परत गेली, बसली आणि तिनं हातोडा उचलला.

डबा खाली ठेवावा तर कुठं ठेवावा, हे लिडियाला सुचेना. आक्काबाई तिच्याकडं बघत होती. म्हातारीच्या मांडीवर छबूचं पोरगं होतं आणि लिडियानं त्याला ओळखलं नाही. गालांची कातडी सुटली होती, टाळू आत गेली होती, डोळे अर्धे उघडे. शेजारच्या बाटलीत निळसर, पातळ पाणी होतं. त्यातून पलीकडची गोधडी दिसत होती.

"चमचे किती घालता, आजी?"

"येक. फुकटचा डबा सरला. ह्यो दुकानातला हाय, पुरवून पुरवून वापरतो."

"छबू अंगावर पाजत नाही?"

"आटलं तिचं. बाटली धरल्यापास्नं पोरगं छातीला लागंना, मंग दूध ऱ्हातंय व्हय?"

छबू धावत आली. चेहरा धुळीनं पांढरा पडला होता. "बाई, जरा चांगलं औशध द्या. तुमच्या त्या गाडीत आसंल न्हवं?"

गाडीत डबे होते. दुसरं काही नव्हतं. लिडियानं मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसलीच नाही. दवाखान्यात असली मुलं तिनं पाहिली होती. डॉक्टर येईपर्यंत वॉर्डात सगळे कसे गप्प व्हायचे, तेही तिला माहीत होतं.

"सूर्यभान, गाडी नगरला घ्या."

"नगरचा हुकूम न्हाई, बाई."

"मला माहीत आहे."

सूर्यभाननं पोराकडं एकदा पाहिलं. मग मागच्या खोक्यांतली दोन उतरवून त्यानं छबू आणि आक्काबाईला बसायला जागा केली.

रस्ता लांबचा आणि उन्हाचा. प्रत्येक कामापाशी जीप ओळखून बायका रस्त्यावर येत होत्या. सूर्यभान हॉर्न वाजवत होता, त्या हसत होत्या, हात पुढं करत होत्या. काहींच्या कडेवर मुलं होती. एका ठिकाणी तर बायका आडव्याच आल्या आणि गाडी थांबवावी लागली. एकीनं खिडकीतून आपलं मूल उचलून दाखवलं, मान एका बाजूला कललेली. "सिस्टर, आमचा डबा सरला वो," ती म्हणाली. "येक तरी द्या."

"डबा नको," लिडिया मोठ्यानं म्हणाली. "अंगावर पाज. ऐक माझं, अंगावर पाज."

बाईला वाटलं, डबे संपले असावेत. ती बाजूला झाली.

छबू वाटेत एकदाच बोलली. "बाई, माजं पुरत हुतं," ती म्हणाली. "तुमी इचारलं तवा पुरत हुतं." लिडिया पुढच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिली. वळून बघायची तिची छाती झाली नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं. जुन्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी लिडियाच्या साडीकडं आणि बिल्ल्याकडं पाहिलं, पण मुलाची नाडी लागेपर्यंत काही विचारलं नाही. नंतर हात धुताना म्हणाल्या, "तुमच्या त्या बाजूनं अशी बरीच येताहेत. जी येताहेत ती नशीबवान." छबूला त्यांनी बजावलं, मूल ओढो न ओढो, पुन्हा पुन्हा छातीशी लाव, दूध परत येईल. पहिले दोन दिवस मूल तोंड फिरवत राहिलं. आक्काबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत बसायची आणि लिडिया वाटी-चमच्यानं छबूला पेज भरवायची. तिसऱ्या दिवशी ते ओढायला लागलं. छबू रडली नाही. डोळे मिटून स्वस्थ बसली.

जामखेडच्या डाकबंगल्यात साहेब वाट बघत होते. गाडी नेल्याबद्दल ते रागावले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. लिडियानं जे पाहिलं ते सांगितलं. भागूबाईच्या पोरीचंही सांगितलं.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण पाणी उकळून घ्या, हे आपण डब्यावर छापलंय, लिडियाबाई."

"त्यांना वाचता येत नाही, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला नेमलंय."

"त्यांच्याकडं जळण नाही. पाणी तसलं. आणि डबा विकत घ्यायची ऐपत नाही. हे तुम्हाला पुण्यातच माहीत होतं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात सूर्यभान जीप धूत होता, त्या टंचाईत बादलीभर पाण्यानं. गोऱ्या बाळाचा चेहरा चकचकीत निघत होता. "कंपनीनं दुष्काळ आणला नाही," ते म्हणाले. "तुम्ही दमलाय. महिनाभर घरी राहा. नसेल जमत तर तसं सांगा. दुसऱ्या बाईचं शिक्षण पुण्यात चालूच आहे."

दुसरी बाई आधीच ठरली होती, हे लिडियाला तेव्हा कळलं. तिनं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. साडी दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून पाठवली.

रात्रीच्या प्रार्थनेत शमुवेलनं भागूबाईचं नाव घेतलं, आणि लिडियाला पुढची ओळ म्हणता आली नाही.

छबू कामावर परतल्याचं कळलं, तेव्हा लिडिया एसटीनं आणि मग पायी खर्ड्याच्या रस्त्यावर गेली. अंगावर रोजचं हिरवं लुगडं होतं. बायकांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ती एकेकीपाशी जाऊन बसली. बाटली टाका, अंगावर पाजा, आटलं असलं तरी परत येतं, असं सांगत राहिली.

"कोन म्हनायचं तुमी?" एकीनं विचारलं.

"मी लिडिया. मीच डबे द्यायला यायचे."

"त्या सिस्टरबाई येगळ्या," ती बाई खात्रीनं म्हणाली. "त्या शिकलेल्या हुत्या."

भागूबाईनं तिला ओळखलं. तिनं हातोडा थांबवला, थोडा वेळ लिडियाच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा खडी फोडायला लागली. त्या हातोड्याचा आवाज लिडियाला वेगळा ऐकू येत होता.

सावलीत छबू पोराला पाजत बसली होती. पोरगं अजून हाडकुळंच होतं, पण पीत होतं. सहादेव वरून ओरडत होता, किती वेळ लावतीस, मजुरी कापीन. छबूनं त्याच्याकडं पाठ केली.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. जीप येऊन उभी राहिली. सूर्यभाननं लिडियाला पाहिलं आणि नजर स्टिअरिंगवर नेली. मागून एक तरुण मुलगी उतरली, पांढरी साडी, पांढरे बूट, प्रसन्न चेहरा. हातोडे थांबले. बायका उठल्या, पदर सावरत, मुलं उचलत पुढं निघाल्या.

लिडिया वाटेत उभी राहिली. "जाऊ नका," ती म्हणाली. कुणी तिला धक्का दिला नाही. पाण्यातल्या दगडाला वळसा घालावा तशा बायका तिच्या दोन्ही अंगांनी गेल्या.

छबू तेवढी जागची हलली नाही. आणखी दोघीजणी घुटमळल्या. एकदा जीपकडं, एकदा छबूच्या पोराकडं बघत राहिल्या. आक्काबाईनं गोणपाटावरची धूळ झटकून त्यांना जागा केली. "बसा गं," ती म्हणाली. त्यातली एक बसली. दुसरी थोडी थांबून गेली.

लिडिया त्या बसलेल्या बाईजवळ जाऊन टेकली आणि तिच्या मुलाला छातीशी कसं धरायचं ते दाखवू लागली. मूल तोंड फिरवत होतं.

"आजी, पुढचं काम कुठवर आहे इथून?" तिनं विचारलं.

"त्या टेकडाच्या पल्याड. पाझर तलाव चाललाय." आक्काबाई जीपकडं बघत होती. "पर तितं गाडी सकाळीच जाऊन आली म्हनं."