सामानातला नवरा

“वेइयो, चेहरा हलवू नकोस. फोटो बिघडेल.”

आमच्या लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर सासूबाई असं म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्यानं ते इतकं मनावर घेतलं, की त्यानंतर चेहरा हलवलाच नाही. मुलगी झाली तेव्हा नाही, छपरावरून पडला तेव्हाही नाही. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडचे पुरुष थोड्याफार फरकानं तसेच.

त्या शनिवारी आम्ही लंडनहून, मुलीकडून परतत होतो. वेइयोचा थोरला भाऊ तौनो हृदयाच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात दाखल होणार होता. “त्याआधी एकदा तुझ्या हातानं तापवलेल्या साउनात वाफ घेत बसायचंय,” असं तो फोनवर म्हणाला होता, आणि वेइयो “बरं” म्हणाला होता. त्याचं ‘बरं’ म्हणजे शपथच. विमानतळावरून पूर्वेला, आमच्या गावाकडे जाणारी गाडी चुकली असती, तर सगळंच राहिलं असतं.

विमानातून उतरल्यावर पासपोर्टच्या यंत्रातून मी पटकन बाहेर पडले. माझ्यामागून वेइयो काचेच्या दोन दारांमध्ये येऊन उभा राहिला आणि त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘कृपया फोटो बाजूला करून स्वतः उभे राहा.’

वेइयो बाजूला झाला, पुन्हा उभा राहिला. पुन्हा तेच.

ओस्मो नावाचा तरुण अधिकारी आला. “लोक तोंडासमोर छापील फोटो धरून फसवतात ना, म्हणून यंत्र जिवंतपणा तपासतं,” तो मला म्हणाला. मग काचेला तोंड लावून ओरडला, “काका, जरा हसा की!”

“कशाला?” वेइयो म्हणाला.

रांगेतली एक बाई म्हणाली, “गुदगुल्या करा त्यांना!”

“लग्नानंतर करून पाहिल्या,” मी म्हटलं.

मला मात्र यंत्राचंच वाईट वाटत होतं. घरी कोपऱ्यातल्या संतांच्या तसबिरींपुढं मी रोज दिवा लावते. त्यांच्याकडे कधी कुणी हालचाल मागितली नाही.

“हे बघा, असं करायचं,” म्हणत ओस्मो शेजारच्या यंत्रात शिरला. पडद्यावर आलं: ‘कृपया फोटो बाजूला करा.’

त्याच्या वरिष्ठ रित्वाबाई धावत आल्या. “ओस्मो, बाहेर ये.”

“दार उघडत नाही, बाई.”

“अरे, मग हस ना!”

“मी हसतोच आहे.”

रित्वाबाईंनी किल्ली लावून त्याला सोडवलं.

“माझ्या नवऱ्यालाही तसंच सोडवा,” मी म्हटलं.

“ओस्मोची नोंद कर्मचारी म्हणून आहे. यांची आता फोटो म्हणून झालीय. फोटोला देशात प्रवेश कसा देणार?”

मी काचेजवळ गेले. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. “वेइयो, गाडी सुटेल रे. तौनो वाट बघत असेल.”

चेहरा हलला नाही. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं काहीतरी घरंगळलं आणि नाकापाशी थांबलं.

पडद्यावर आलं: ‘फोटो ओलसर आहे. कोरडा करून पुन्हा ठेवा.’

रित्वाबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हा फोटो तुमचा का?” त्यांनी मला विचारलं.

“माझाच.”

“मग माणसांच्या दारात काय करतोय? सामान पलीकडच्या जकातीच्या दारानं जातं. ओस्मो, बाईंना फोटो उचलून दे.”

ओस्मोनं दार उघडून वेइयोला दंडाला धरून माझ्याजवळ आणून ठेवलं.

जकातीच्या माणसानं विचारलं, “काही जाहीर करायचंय?”

“घरच्या माणसाचा फोटो,” मी म्हटलं.

त्यानं वेइयोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “चौकट नाही केलीत?”

“राहूनच गेली.”

“उभाच न्या मग. घडी पडेल.”

गाडी मिळाली.

गावी पोचलो तेव्हा ऊन अजून तळ्यावर होतं. तौनो अंगात कोट घालून पायरीवर बसला होता.

“आलास?”

“हं.”

“उशीर झाला.”

“हं.”

वेइयोनं बूट काढून पायरीशी ठेवले, साउनाच्या दोन रिकाम्या बादल्या उचलल्या आणि तो तळ्याकडे उतरू लागला.