शेवटची ओळ धोंडूबाईची

हसू नका मित्रांनो, मी खिशाला डाग पाडणारे जुने शाईचे पेन असले तरी माझी ऐट अजून गेलेली नाही हं! एकोणीसशे बहात्तर साली भिवंडीच्या बाजारात दाजी मास्तरांनी मला विकत घेतले. मास्तर ख्रिस्ती होते. टेमघरच्या मुलांना शिकवायचे आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे फुकट लिहून द्यायचे. ते रोज मला कोमट पाण्याने धूत. असा धनी मिळायला भाग्य लागते.

एकदा धोंडूबाई आली. भातशेती करणारी, जिभेने तिखट. तिची मुलगी मैना आपल्या मनाने लग्न करून गणेशपुरीला गेली, तेव्हा "पुन्हा तोंड दाखवू नको" असे ही बोलून बसली होती. आता नात झाल्याचे कळले आणि तिचा जीव कासावीस झाला.

"मास्तर, लिवा तिला, घरी ये म्हनावं. मी कंच्या तोंडानं जाऊ?"

मी झरझर लिहिले, 'चि. सौ. मैना हिस अनेक उत्तम आशीर्वाद...' वा, काय ते वळणदार अक्षर! पण उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रालाही नाही. शेवटी शेजारणीबरोबर मैनाचा निरोप आला, "ही भाषा मास्तरांची हाय. आईला माजी आठवन न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्या सुंदर अक्षरांत धोंडूबाई कुठेच नव्हती.

तेव्हा मास्तरांनी तिला संत पौलाची गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आधी ख्रिस्ती लोकांना शोधून शोधून छळायचा. दमास्कसच्या वाटेवर येशूची हाक आली आणि तो पार बदलला. पण लोकांचा विश्वास कसा बसणार? तंबू शिवून पोट भरत तो गावोगाव फिरला. त्याने मार खाल्ला, त्याचे जहाज फुटले, तुरुंगवासही झाला. तिथूनही तो पत्रे धाडत राहिला. पत्र सांगायचा तो, लिहायचा दुसराच, तोही आमच्या बोरूआजोबांना हातात धरून! शेवटी मात्र कधी कधी तो स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहायचा. मग पत्र त्याचेच, हे वाचणाऱ्याला कळे.

"एवढा कडू मानूस, आनि त्याला लोकांनी जवळ केला?"

"केला, धोंडूबाई."

"मंग द्या ते पेन हिकडं!"

आठ दिवस तिने पाटीवर अक्षरे गिरवली. मग विळा धरावा तसे मला धरले. माझी निब वाकली, कागदावर शाईचा थेंब सांडला, पण मास्तरांच्या नव्या पत्राखाली ओळ उमटली: 'मैना ये. माजं चुकलं.'

चौथ्या दिवशी मैना एसटीतून उतरली. काखेत बाळ, हातात ते पत्र.

"आये, केवढं वाकडं अक्षर गं तुजं!" म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

मास्तरांचे माझ्यावर उपकार आहेत, पण धोंडूबाईचे जास्त. तिने मला खरे लिहायला शिकवले. मित्रांनो, पेन वापरून झाले की धुऊन ठेवत जा. आणि कुणाची माफी मागायची असेल, तर ती दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. अक्षर वाकडे आले तरी चालेल.