गोड्या पाण्याची साय

गल्लीत अकरा घरं. नऊ घरांना कुलूप, दहावं पडलेलं, आणि अकराव्यात पंपवाले एकटे. दिवसातून एकदा तरी तोंड उघडावं म्हणून ते विहिरीशी बोलत. ती निदान मध्येच तोडत नसे.

त्या नऊ घरांच्या विहिरींवर मोटारी त्यांनीच बसवल्या होत्या. लोक म्हणायचे, "जरा जोराची बसवा," की हे जोराची बसवायचे. नदी पुढे समुद्राला मिळते, खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि गोडं हलकं असल्यामुळे सायीसारखं त्याच्यावर राहतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. जोरात उपसलं की साय संपते आणि खालचं खारं वर येतं. एकेक विहीर आधी मचूळ झाली, मग खारी, आणि लोकांनी बिऱ्हाडं हलवली. जाताना कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

स्वतःची मोटार मात्र त्यांनी तीन वर्षांपूर्वीच काढून गोणपाटात गुंडाळली होती. सकाळी चार बादल्या, संध्याकाळी दोन, दोराने, अलगद, वरच्यावर. पाठ बोंब मारायची, पण पाणी गोडं होतं. आणि आता सगळं त्या पाण्यावरच अडलं होतं.

सगळं म्हणजे मुलगी. ती नर्स होती आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात तिला जागा मिळत होती.

"बाबा, मला यायचंय हो," ती फोनवर म्हणाली. "पण लेकीला घेऊन राहायचं तर पाणी तरी धड हवं ना? तिकडचं सगळं खारं झालंय म्हणतात."

"म्हणणारे गेले सोडून, त्यांना काय कळतंय? आपलं गोडं आहे. ये आणि पिऊन बघ."

"रविवारी येते. सोमवारी दवाखान्याला कळवायचंय."

त्या दिवसापासून पंपवाल्यांचे पाय जमिनीवर नव्हते. नातीसाठी खोली झाडली, खिडकीची कडी बदलली. रविवारी सकाळी मात्र दोर हातात घेतला आणि त्यांना लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात नळ वाहते केले आणि पोटची पोर प्रवासातून आली की तिच्या हातात दोर द्यायचा? एक टाकी भरून घेऊ. पंधरा मिनिटं. तेवढ्याने काय होतंय?

मोटार बसवली, बटण दाबलं. पहिल्यांदा खोकली, मग सुरात लागली.

त्या घरघरीने त्यांचा घात केला. पूर्वी सकाळी सगळी गल्ली अशी घरघरायची, बाया नळ सोडून एकमेकींना हाका मारायच्या, कुणीतरी ओरडायचं, "अहो पंपवाले, चहाला या!" ते पायरीवर बसून ऐकत राहिले. टाकी भरून वाहू लागली, अंगणात ओहोळ झाला, तरी बसूनच. उठून बटण बंद केलं तेव्हा सव्वा तास झाला होता.

मुलगी आली, नळ सोडला आणि हसली. "अरे वा, नळाला पाणी! बसा बाबा, चहा मी करते."

ते बसले आणि बोलत सुटले. नातीची खोली, शाळा किती जवळ, कडी कशी नवी. मुलीने पहिला घोट घेतला. क्षणभर थांबली. मग शांतपणे पीत राहिली.

लहानपणी ती त्यांच्याबरोबर कामाच्या ठिकाणी यायची. तिला एकच शिकवण होती: परक्याच्या घरी दिलेलं पाणी कसंही असो, तोंड वाकडं करायचं नाही, भांडं रिकामं करायचं आणि म्हणायचं, "बरं वाटलं." आपल्या घरी मात्र ती खुशाल थुंकायची, आदळआपट करायची.

पंपवाल्यांनी स्वतःचा कप तोंडाला लावला. चहा खारट होता.

"मोटार लावली म्हणून गं!" ते ताडकन उठले. "सकाळपर्यंत गोडं होतं, शप्पथ! थांब, बादलीचं देतो, वरचं."

ती मागोमाग विहिरीपाशी आली. दोर हाताला काचला, तरी त्यांनी बादली जपून, हलू न देता वर आणली आणि पेला भरून तिच्यापुढे धरला. आधी स्वतः चाखून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. थुंक, त्यांना वाटलं. ओरड माझ्यावर. म्हण, बाबा, काय करून बसलात हे.

मुलीने पेला तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. तोंड वाकडं केलं नाही. रिकामा पेला विहिरीच्या काठावर ठेवला आणि पदराने ओठ टिपले.

"बरं वाटलं," ती म्हणाली.