दाराआडची हळद

"आळी सारी जमली गं, हळदीकुंकू लेते,
दाराआड उभी मी, सावली मोजते..."

बाबा गेल्यावर प्रत्येक हळदीकुंकवाला आई अशी दाराआड गुणगुणायची. आता आईही नाही. आवाज तेवढा दारामागून येत राहतो.

आज तो नोएडातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आला. माझ्या मैत्रिणीच्या, विनयाच्या लेकीची, अबोलीची हळद होती. बाहेर जानेवारीचं दाट धुकं, आत पन्नास बायका, आणि नवरीची आई दाराआड.

कारण गेल्या संक्रांतीचा चमत्कार. 'विधवांनाही हळदीकुंकू द्या,' असं नवरा गेलेली विनया मंडळाच्या सभेत बोलली होती. वाद पेटला. मंडळाची पूजा सांगणारे हरिदासबुवा म्हणाले, "देवीलाच विचारू!" त्यांनी आपल्या गडूतलं गंगाजल तिच्या हातांवर घातलं. तिनं हळदीला हात लावला, आणि बोटं रक्तासारखी लाल! तेव्हापासून ती म्हणते, "सुनीती, माझ्या हातांना ह्यांचं मरण लागलंय."

बुवा आजही हजर होते. विनयानं हट्ट धरलाच तर म्हणून गडूही भरलेला. "माताजी का संकेत आहे, बिल्कुल स्पष्ट! कुंकू पुसलेल्या हाताखाली हळदीचं रक्त होतं!"

अबोलीनं हळदीची वाटी दूर सारली. "आई लावेल. नाहीतर कुणीच नको."

"अगं, रीत असते," मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका म्हणाले. "मला हे पटत नाही. तोंडावर सांगतो."

"सांगा ना काका, तुमचा हक्कच आहे. पण विनयाचाही होता. तिचं तोंड चमत्कारानं का बंद केलं?" मी बुवांचा गडू उचलला. "स्वरूपाकाकू, हात पुढे करा."

"माझे? अगं, हे समोर बसलेत की!"

मी पाणी घातलं. काकूंनी ओल्या बोटांनी हळद उचलली. लालभडक!

पद्माकरकाका ताडकन उठले. "अहो बुवा, मी जिवंत आहे!"

हॉल हसला. बुवा गडू ओढायला लागले. मी सोडला नाही.

"हे धुण्याच्या सोड्याचं पाणी आहे. सोडा लागला, चुना लागला, की हळद लाल होते. घरोघरी कुंकू असंच तर करायचे." मी पिशवीतून आणलेलं लिंबू काकूंच्या बोटांवर पिळलं. लाली उतरली, पिवळा रंग परतला. "देवीचा कोप कधी लिंबानं उतरतो? वाद घाला, खुशाल भांडा. पण चमत्कार दाखवून कुणी कुणाला गप्प करत असेल, तर आधी त्याचा गडू तपासा."

विनया दारातून पुढे आली. नळावर हात धुतले. बोट हळदीत बुडवून लेकीच्या गालाला लावलं. मग ते बोट डोळ्यांजवळ नेलं.

"पिवळंच आहे गं... वर्षभर मी पोरीच्या केसांना तेलसुद्धा लावलं नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं, सुनीती?"

तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दारामागचं गुणगुणणं थांबलं होतं. जणू आईही उत्तराची वाट बघत होती.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "मंडळात वाईटपणा नको, म्हणून गप्प बसले."